महाद्वार आणि दिंडीदरवाजा

टपालाचा इतिहास लिहिणारे बहुधा पत्र पोहोंचलें कसें याचीच कथा सांगतात. डांकेचे हरकारे, टप्प्याटप्प्यावर बदलले जाणारे घोडे, आगगाडीचा टपालाचा डबा, विमान आणि शेवटीं विजेच्या वेगानें जाणारा संदेश, असा हा चढता क्रम वाचतांना मन प्रसन्न होतें. परंतु या इतिहासास दुसरीहि एक बाजू आहे, व ती सहसा कोणी उलगडून दाखवीत नाहीं. पत्र पोहोंचण्यापूर्वीं तें निघावें लागतें, आणि निघण्याच्या जागीं कोणी तरी पहारेकरी उभा असतो. तो काय पाहतो, कोणास जाऊं देतो, कोणास अडवितो आणि कोणत्या अधिकारानें अडवितो, हे प्रश्न हरकाऱ्याच्या काळीं होते तसेच आजहि आहेत. गेल्या पाव शतकांत इंटरनेटची सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनीं ग्राहकाच्या घरांतून बाहेर पडणाऱ्या ईमेलच्या एका वाटेवर अडसर घातला. नको असलेल्या पत्रांचा जो लोंढा जगावर कोसळत होता, ज्यास इंग्रजींत व आतां मराठींतहि ‘स्पॅम’ म्हणतात, तो आवरावा हा त्यांतील हेतु. त्या अडसराचा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगावयाचा आहे. विषय वरवर यंत्राचा दिसतो. पण बाहेर जाणारें टपाल अडविण्याचा अधिकार कोणास असावा व त्यास मर्यादा कोणती, हा त्याच्या पोटांतला प्रश्न आहे. अडविणें या एकाच शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न कृत्यें मोडतात. त्यांपैकीं पहिल्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच, अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यांत, घडलें असल्यामुळें आरंभ तेथूनच करणें सयुक्तिक होईल.

निजामशाहीच्या या जुन्या राजधानीस २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. तेथील किल्ल्याचे दगडी तट हुसेन निजामशहाच्या कारकीर्दींत, सोळाव्या शतकाच्या मध्यास, उभे राहिले. १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें तो मोगलांविरुद्ध लढविला. १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें तो घेतला. ता. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे मुंबईस धरपकड झाली, आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद खास आगगाडीनें या किल्ल्यांत आणून ठेवण्यांत आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आपले शंकरराव देव, अशी ती मंडळी होती. त्यांस कोठें ठेवलें आहे हें सरकारनें प्रथम प्रसिद्धच केलें नाहीं. आरंभीं त्यांस वर्तमानपत्र मिळत नसे व पत्रव्यवहाराचीहि बंदी होती. पुढें सवलत मिळाली ती निकटच्या आप्तांस पत्र लिहिण्यापुरती, आणि तीं पत्रेंहि तपासणीच्या हाताखालून जात.

मौलाना आझादांनीं या बंदिवासांत हबीबुर रहमान खां शेरवानी या आपल्या स्नेह्यास उद्देशून अनेक पत्रें लिहिलीं. त्यांत चहाच्या चवीची चर्चा आहे, खोलींत घरटें करणाऱ्या चिमण्यांची हकीकत आहे, संगीत आहे, ईश्वराविषयींचें चिंतन आहे. एप्रिल १९४३ मध्यें मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. त्या दुःखाचें पत्रहि त्यांतच आहे. परंतु हीं पत्रें धाडण्याची सोय नव्हती. तीं लिहिलीं गेलीं आणि लिहिणाऱ्यापाशींच राहिलीं. ‘गुबारे खातिर’ या नांवानें तीं १९४६ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं, तेव्हां कोठें ज्यास लिहिलीं त्यास व साऱ्या जगास तीं वाचावयास मिळालीं.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. या पत्रांचा लिहिणारा कोण हें सरकारास पक्कें ठाऊक होतें. घेणारा कोण हेंहि ठाऊक होतें. पत्राची प्रत एकच होती, आणि घेणाऱ्यास तें हवेंच होतें. तरीहि दार बंद राहिलें, कारण दारावरच्या माणसास पत्रांतील मजकुराचें भय होतें. मजकुराच्या भयानें पत्र अडविणें हा अडविण्याचा पहिला प्रकार होय.

दुसरा प्रकार समजण्यास टपालाच्या पैशाकडे वळावें लागतें. आपल्याकडे १८५४ पूर्वीं टपालाचें हांशील वजनावर व अंतरावर आकारीत. १८३७ च्या दरांप्रमाणें मुंबईहून कलकत्त्यास एक तोळा वजनाचें पत्र पाठविण्यास एक रुपया पडे. हांशील न भरतां पाठविलेलें पत्र घेणाऱ्यानें पैसे मोजून सोडवून घ्यावें, अशी रीत होती. इंग्लंडांतहि हीच रीत रूढ होती. रोलंड हिल यानें १८३७ सालीं तिच्यावर टीका करणारी पुस्तिका लिहिली, आणि १८४० पासून तेथें एका पेनीचा सरसकट दर सुरू होऊन पैसे पाठविणाऱ्यानें आधीं भरण्याची पद्धति पडली. हिंदुस्थानांत डलहौसीच्या कारकीर्दींत १८५४ चा टपालाचा कायदा झाला व त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून साऱ्या देशासाठीं तिकिटें निघालीं. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पुढच्या गांवीं जावो कीं पेशावरास जावो. ज्यास आपल्याकडे लोक ‘नॉटपेड’ म्हणत तें बिनतिकिटाचें पत्र घेणाऱ्यास दुप्पट हांशील पडे.

या अर्ध्या आण्यानें गोरगरिबांस पत्र लिहिणें शक्य झालें हें सर्वांस माहीत आहे. त्यानें आणखीहि एक काम केलें. पत्राचा भार घेणाऱ्याच्या माथ्यावरून काढून तो पाठविणाऱ्याच्या माथ्यावर ठेवला. एक पत्र लिहिणाऱ्यास अर्धा आणा जड नव्हता. पण अनोळखी अशा हजार घरीं हजार पत्रें टाकूं इच्छिणाऱ्यास सव्वाएकतीस रुपये मोजावे लागत, आणि त्या काळीं ती रक्कम लहान नव्हती. तिकिटानें मजकूर वाचला नाहीं, कोणास मनाई केली नाहीं. तरीहि उगाच पत्रें उधळणाऱ्याचा हात त्यानें आपोआप आवरला.

आतां विजेच्या टपालाकडे वळूं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यानें अमेरिकेंतील ‘अर्पानेट’ या संगणकांच्या जाळ्यावर एका संगणकावरील माणसाचें पत्र दुसऱ्या संगणकावरील माणसास पोहोंचविण्याची युक्ति साधली. त्या जाळ्यावरची वस्ती विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची होती. एखाद्या लहान गांवांत असावी तशी परस्परांची ओळख तेथें होती. अशा ठिकाणीं दारास कडी लावण्याचें कोणास सुचत नाहीं. तथापि एकास तें सुचलें होतें. जॉन पोस्टेल यानें नोव्हेंबर १९७५ मध्यें नको असलेल्या टपालावर एक लहानसें टिपण लिहिलें व नको त्या ठिकाणाहून येणारे संदेश नाकारण्याची सोय संगणकास असावी असें सुचविलें. ता. ३ मे १९७८ रोजीं एका संगणक-कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्यानें नव्या यंत्रांची जाहिरात सुमारें चारशें जणांस एकदम पाठविली. अशा प्रकारची ती पहिली जाहिरात म्हणून गणली जाते. तिच्यावर गहजब झाला. पाठविणाऱ्यास समज मिळाली. प्रकरण तेवढ्यावर मिटलें.

ऑगस्ट १९८२ मध्यें त्याच पोस्टेलनें ईमेलच्या वाहतुकीचे नियम लिहून प्रसिद्ध केले. हे नियम मूळ रूपानें आजतागायत चालू आहेत. संगणकास जाळ्याशीं जोडणारीं दारें हजारोंनीं असतात व त्यांस क्रमांक दिलेले असतात. या दारांस ‘पोर्ट’ म्हणतात. टपालाच्या वांट्यास २५ हा क्रमांक आला. जगांतील कोणत्याहि संगणकानें दुसऱ्या कोणत्याहि टपाल-सर्व्हरचें पंचविसावें दार ठोठवावें, आपलें नांव सांगावें, व पत्र आंत टाकावें, अशी ही व्यवस्था होती. सांगितलेलें नांव खरें कीं खोटें हें पाहण्याची तरतूद तींत नव्हती. तिकीटहि नव्हतें. एक पत्र पाठविण्यास जो खर्च, जवळजवळ तितक्याच खर्चांत लाख पत्रें जात. आणि तीं साठविण्याचा, निवडण्याचा व खोडून टाकण्याचा भार सगळा घेणाऱ्यावर पडे. १८५४ सालीं जें ओझें मोठ्या विचारानें पाठविणाऱ्याकडे नेलें होतें, तें सव्वाशें वर्षांनीं कोणाच्या फारसें ध्यानांत न येतां पुन्हां घेणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसलें.

लहान गांव मोठें झालें तेव्हां याचीं फळें दिसूं लागलीं. त्या काळचे बरेचसे सर्व्हर धर्मशाळेसारखे होते. कोणाचेंहि पत्र घ्यावें व कोणाकडेहि पोहोंचतें करावें हें त्यांस सौजन्याचें वाटे. १९९४ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील एका वकील दांपत्यानें चर्चेच्या हजारों मंडळांवर एकच जाहिरात टाकून नव्या धंद्याची वाट दाखविली. मग जाहिरातवाल्यांनीं त्या धर्मशाळांतच मुक्काम ठोकला. प्रथम उपाय झाला तो घेणाऱ्यांच्या बाजूनें. पॉल व्हिक्सी व त्याचे सहकारी यांनीं १९९७ च्या सुमारास उपद्रवी ठिकाणांच्या याद्या करण्यास प्रारंभ केला, आणि त्या यादींतील पत्त्यांवरून आलेलें टपाल न उघडतांच परत फिरविण्याची पद्धति पडली. धर्मशाळांच्या दारांस कड्या लागल्या.

परंतु ज्याचा पत्ताच रोज बदलतो त्यास यादींत घालणार कसें? २००३ च्या सुमारास ‘सोबिग’सारखे विषाणु पसरले आणि त्यांनीं घरोघरच्या संगणकांत चोरवाटा पाडल्या. धनी झोंपलेला असे आणि त्याच्या यंत्रांतून रात्रभर हजारों पत्रें जगभरच्या सर्व्हरांचें पंचविसावें दार ठोठवीत निघत. पाठविणाऱ्याचें नांव खोटें, यंत्र भलत्याचें, आणि यंत्राच्या धन्यास यांतील कांहींच ठाऊक नाहीं, अशी स्थिति झाली. नगरच्या किल्ल्यांतील प्रकाराची ही बरोबर उलटी बाजू होय. तेथें माणूस ठाऊक असून त्याचें एकुलतें एक पत्र निघूं शकत नव्हतें. येथें पाठविणारा कोणीच नसून पत्रें मात्र कोटींनीं निघत होतीं. घेणाऱ्यानें आपलें दार कितीहि राखलें तरी हा लोंढा थांबणार नव्हता. तो थांबावयाचा तर ज्या घरांतून तो निघतो त्या घराच्या वेशीवरच थांबणार, आणि त्या वेशीवर उभी होती ती इंटरनेटची सेवा पुरविणारी कंपनी.

कंपन्यांनीं केलें तें असें. घरगुती ग्राहकाच्या यंत्रापासून बाहेरच्या कोणत्याहि सर्व्हरच्या पंचविसाव्या दाराकडे जाणारी वाट त्यांनीं आपल्या हद्दींतच बंद केली. मग सामान्य माणसानें पत्र पाठवावें कसें? त्याची सोय आधींच झालेली होती. डिसेंबर १९९८ मध्यें पत्र स्वीकारण्यासाठीं ५८७ क्रमांकाचें एक निराळें दार नेमण्यांत आलें होतें. आणि तेथें आपली ओळख पटविल्यावांचून पत्र घेऊं नये हा दंडक २००६ च्या सुधारलेल्या नियमांत घालण्यांत आला. आपल्या किल्ल्यांच्या महाद्वारास एक लहानशी दिंडी असते. रात्रीं महाद्वार लागतें, पण दिंडी उघडी राहते. तींतून एकेकानें वांकून, परवलीचा शब्द सांगून, जावें लागतें. या नव्या व्यवस्थेचें स्वरूप हुबेहूब तसेंच आहे. पंचविसावें महाद्वार यापुढें सर्व्हरानें सर्व्हराकडे टपाल नेण्यासाठीं राहिलें; घरच्या माणसासाठीं दिंडी आली. चोरवाटेनें शिरलेल्या विषाणूस परवलीचा शब्द सहसा ठाऊक नसे, म्हणून त्याची वाट खुंटली. आणि त्यास शब्द चोरतां आलाच तर तो कोणाचा हें दिंडीवरच्या वहींत उमटे व त्या एका खात्यास आवरतां येई.

अमेरिकेंत कॉमकास्ट या मोठ्या कंपनीनें २००४ सालीं ज्या ग्राहकांच्या यंत्रांतून असे लोंढे निघत त्यांची ही वाट बंद करण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २००७ मध्यें या पद्धतीस जाळ्याच्या नियमकर्त्यांनीं उत्तम प्रघात म्हणून मान्यता दिली. परंतु या सर्वांत विचारार्ह प्रसंग जपानांतला होय. त्या देशाच्या घटनेनें व दूरसंचाराच्या कायद्यानें पत्रव्यवहाराच्या गुप्ततेस फार कडक संरक्षण दिलें आहे. पत्राचा मजकूरच नव्हे, तर तें कोठून कोठें गेलें हेंहि वाहकानें आपल्या मतलबासाठीं पाहूं नये, असा तेथला दंडक. तेव्हां दाराचा क्रमांक पाहून वाट बंद करणें हा गुप्ततेचा भंग नव्हे काय, असा प्रश्न तेथें २००५ च्या सुमारास उभा राहिला. विचारविनिमयानंतर असें ठरलें कीं, हा गुप्ततेस स्पर्श आहे खरा, पण जाळें चालू ठेवण्यासाठीं वाहकानें करावयाच्या रास्त व्यवहारांत तो बसतो. मला यांतील निर्णयापेक्षां प्रश्नच अधिक मोलाचा वाटतो. अडसर घालण्यापूर्वीं तो घालण्याचा आपणांस अधिकार आहे कीं नाहीं हें विचारणारे लोक तेथें होते.

ब्राझीलमध्यें हें काम सर्वांच्या संमतीनें झालें. २००९ च्या सुमारास तो देश स्पॅम निघण्याच्या ठिकाणांत अग्रभागीं होता. तेथील इंटरनेट-समितीनें दूरसंचार-कंपन्या, सरकारी नियामक व ग्राहकांचे पक्षकार यांस एकत्र बसवून करार घडवून आणला, आणि २०१३ च्या आरंभापर्यंत देशभर पंचविसावें दार घरगुती ग्राहकांस बंद झालें. ब्राझील पहिल्या दहांच्या यादींतून बाहेर पडला.

आपल्या देशाचा अनुभव यांहून निराळा व अधिक गुंतागुंतीचा आहे. विदेश संचार निगमानें ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें सामान्य जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें. १९९८ पर्यंत तोच एक पुरवठादार होता. २००५ च्या जानेवारींत भारत संचार निगमानें ब्रॉडबँड सुरू केल्यावर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गांवींहि दिवसरात्र जोडलेले संगणक दिसूं लागले. विषाणूंस असें दिवसरात्र जागें यंत्रच हवें असतें. एप्रिल २०१२ मध्यें सोफोस या सुरक्षा-कंपनीनें काढलेल्या यादींत स्पॅम बाहेर जाणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला लागला. जगांतील अशा पत्रांचा सुमारें एकदशांश भाग येथल्या यंत्रांतून निघत होता. भारतांत पत्रें उधळणारे फार झाले होते असा याचा अर्थ नव्हे; येथल्या घरांच्या वेशी उघड्या होत्या एवढाच त्याचा अर्थ. पुढें येथील कांहीं कंपन्यांनींहि पंचविसावें दार बंद केलें. परंतु याच सुमारास आपल्याकडे बाहेर जाणारा संदेश अडविण्याचे आणखी तीन प्रयोग झाले. ते एकापुढें एक मांडले म्हणजे चांगल्या व वाईट अडसरांतला भेद स्पष्ट दिसतो.

पहिला प्रयोग मोजणीचा. मोबाइलवरील जाहिरातींस कंटाळलेल्या लोकांसाठीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें सप्टेंबर २०११ पासून एका सिमकार्डावरून दिवसास शंभरच संदेश जावेत असा नियम केला. तो पुढें दोनशें झाला. जुलै २०१२ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें, जाहिरात न करणाऱ्या सामान्य नागरिकास ही मर्यादा घालणें त्याच्या भाषणस्वातंत्र्यास बाधक आहे असें ठरवून ती उठविली. पाठविणारा कोण हें न पाहतां संख्येनेंच सर्वांस मोजणारी ही रीत, चोरास व वारकऱ्यास एकाच दोरखंडानें बांधण्यासारखी होती.

दुसरा प्रयोग घबराटींतला. आसामांतील दंगलींनंतर ऑगस्ट २०१२ मध्यें अफवा पसरल्या, आणि पुणें व बंगळूर येथील ईशान्येकडील विद्यार्थी व कामकरी आगगाड्या भरभरून घरीं निघाले. केंद्र सरकारनें देशभर पंधरा दिवसांसाठीं एकदम पांचांहून अधिक संदेश पाठविण्यास बंदी केली. ती मर्यादा थोड्याच दिवसांनीं वीसपर्यंत सैल करावी लागली. प्रसंग खरोखरच बिकट होता व हेतूहि वाईट नव्हता. परंतु ज्या दारानें अफवा जात त्याच दारानें अफवेचें खंडनहि जावयाचें होतें, आणि मुलाची खुशाली विचारणारा बापहि त्याच दाराशीं खोळंबला.

तिसरा प्रयोग कायद्याचा, व तोच सर्वांत बोधप्रद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६-अ हें कलम घालण्यांत आलें व तें ऑक्टोबर २००९ पासून अमलांत आलें. त्याच्या एका पोटकलमांत, उपद्रव देण्याच्या किंवा संदेशाच्या उगमाविषयीं फसविण्याच्या हेतूनें ईमेल पाठविणें हा गुन्हा ठरविला होता. आपल्या कायद्यांत स्पॅमविरुद्ध जर कोठें तरतूद असेल तर ती हीच होती. परंतु ‘उपद्रव’ हा शब्द मोठा लवचिक. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयीं पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर चार ओळी लिहिल्या व दुसरीनें त्यांस पसंती दर्शविली. दोघींसहि अटक झाली, व त्यांच्यावर लावलेल्या कलमांत हें कलम होतें. त्यावर देशभर क्षोभ उसळला, आणि श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें ता. २४ मार्च २०१५ रोजीं हें कलम संपूर्ण रद्द केलें. तें असेपर्यंत स्पॅमचा लोंढा त्यानें अडला नाहीं. अडल्या त्या ठाण्यास नेलेल्या दोन मुली. उपद्रवाचें माप मजकुरावरून घेऊं लागलें कीं वाट पुन्हां नगरच्या किल्ल्याकडेच वळते, मग कायद्याच्या मसुद्यांत हेतु कांहींहि लिहिलेला असो.

या तिन्ही प्रयोगांशेजारीं पंचविसाव्या दाराचा अडसर ठेवून पाहावा. तो मजकूर वाचीत नाहीं. तो पत्रांची संख्या मोजून नागरिकास गप्प करीत नाहीं. सत्तेस काय रुचतें याच्याशीं त्याचें देणेंघेणें नाहीं. या पत्रामागें कोणी उत्तर देणारा आहे काय, एवढेंच तो विचारतो. नांव सांगा आणि खुशाल जा, हा त्याचा नियम. अर्ध्या आण्याच्या तिकिटानें जें काम पैशानें केलें तेंच तो ओळखीनें करतो. पाठविण्याच्या कृत्याचा भार पाठविणाऱ्याच्या बाजूस पुन्हां नेऊन ठेवतो. २०१८ सालीं प्राधिकरणानें जाहिरातींच्या मोबाइल-संदेशांसाठीं जे नवे नियम केले त्यांतहि हेंच तत्त्व आलें. पाठविणाऱ्या संस्थेनें आपलें नांव आधीं नोंदवावें, मगच तिचा संदेश वाहक पुढें नेईल.

तथापि या अडसरासहि दोष आहेत, आणि ते झांकणें इतिहासलेखकास शोभणार नाहीं. पहिला दोष असा कीं, दिंडी आली म्हणजे दिंडीवरचा जमादार आला. १९८२ च्या नियमांप्रमाणें कोणीहि गृहस्थ आपल्या घरीं स्वतःचा टपाल-सर्व्हर मांडून जगाशीं बरोबरीनें बोलूं शकत होता. तो हक्क आतां बहुतेक घरगुती ग्राहकांस उरलेला नाहीं. त्यास कंपनीचा मोठ्या दराचा जोड तरी घ्यावा लागतो, अथवा मोठ्या टपाल-कंपनीच्या छत्राखालीं तरी जावें लागतें. यामुळें जगाचें टपाल थोड्या बड्या संस्थांच्या हातीं एकवटण्यास मदत झाली. दुसरा दोष असा कीं, चोरहि शिकला. यंत्राची चोरवाट बंद झाल्यावर तो परवलीचे शब्दच चोरूं लागला व दिंडींतून राजरोस येऊं लागला. तिसरा दोष घाईचा. मोबाइल-संदेशांच्या नोंदणीचा नियम ता. ८ मार्च २०२१ रोजीं एकदम अमलांत आणला, तेव्हां बँकांचे व इतर अनेक सेवांचे एकवेळच्या परवलीचे संदेशच अडकून पडले, लोकांचे व्यवहार खोळंबले, आणि नियम कांहीं दिवस स्थगित करावा लागला. चांगला पहारेकरीहि डुलकी घेतो, किंवा फाजील उत्साहानें घरच्याच माणसास बाहेर उभा करतो.

म्हणून प्रश्न अडसर असावा कीं नसावा एवढाच राहत नाहीं. तो कोणत्या अटींवर असावा हाच खरा प्रश्न होय. वरील इतिहासावरून माझ्या मतें तीन अटी निघतात. पहारेकऱ्यानें लखोटा उघडूं नये, ही पहिली. महाद्वार लावावयाचें असेल तर दिंडी सर्वांस खुली असावी, आणि ज्यास स्वतःचें टपाल स्वतः चालवावयाचें आहे अशा शाळेस, ग्रंथालयास किंवा हौशी विद्यार्थ्यास मागतांच, नांवानिशीं, रास्त दरांत महाद्वारहि उघडून मिळावें, ही दुसरी. आणि दार केव्हां, कां व कोणाच्या हुकुमानें लागलें हें लिहून जाहीर केलेलें असावें, व चुकून अडविल्या गेलेल्यास दाद मागण्याची जागा असावी, ही तिसरी. जपाननें पहिल्या अटीचा विचार आधीं केला, ब्राझीलनें तिसरीचा. दुसरी अट मात्र कोठेंच पुरतेपणीं पाळली गेलेली दिसत नाहीं, कारण ती पाळण्यांत कोणा बड्याचा लाभ नाहीं. आपल्याकडे ग्राहकास करारपत्राच्या बारीक अक्षरांत कोठें तरी हा अडसर आढळतो, आणि बहुधा पत्र अडून बसल्यावरच आढळतो. आपल्या घराची कोणती वाट आपल्याच पुरवठादारानें लावून घेतली आहे, हें प्रत्येक ग्राहकास जोड घेतांनाच स्पष्ट मराठींत सांगितलें जावें, इतकी मागणी करण्यास कोणत्याहि नव्या कायद्याची आवश्यकता नाहीं. ती आपल्या ग्राहकसंघांनीं व मराठी वृत्तपत्रांनीं आजच करावी.